शाईची बाजू खाली

आत्यानं चुकीचा फोटो उचलला आणि मी तिला तसं सांगितलं नाही. या गोष्टीला आता चार महिने होतील.

मार्गशीर्षातला एक गुरुवार होता. वाईला मधल्या आळीतल्या तिच्या घरी पोचलो तेव्हा ती ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर सुतळी, असा सगळा बंदोबस्त करून मी माझ्या आजीचा, म्हणजे तिच्या आईचा फोटो नेला होता. आठ बाय दहा इंचांचा, काळापांढरा, स्वतःच्या हातानं निगेटिव्हपासून तयार केलेला. पुठ्ठ्यांत प्रिंट तीन होते. मधला खरा, वरचा आणि खालचा रद्दीतले, खऱ्याला खरचटू नये म्हणून घातलेले. मी हातपाय धुऊन येईपर्यंत तिनं सुतळी सोडली होती आणि वरचाच प्रिंट मांडीवर घेतला होता. हात पदराला पुसलेला दिसत होता, तरी कागदावर बोट टेकवत नव्हती, दोन्ही तळव्यांमध्ये कडेकडेनं धरला होता. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा ठेवते मी." मी घाईघाईनं मधला काढून पुढे केला. तिनं तो बघितला, "हाही छान आलाय" म्हणाली, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या भाजीला म्हणावं तसं, आणि परत मांडीवरच्याकडे वळली.

मांडीवरचा उलटा होता. आजीची नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर. शिवाय जरा मऊही होता, पापण्यांच्या कडा पाण्यात घातल्यासारख्या. मधल्या प्रिंटमध्ये नथीतला मोती न् मोती मोजता येत होता आणि त्यासाठी मी पावसाळा घालवला होता. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. नसेल आलं लक्षात, असं मनाशी म्हटलं, चहा प्यायलो आणि खरा प्रिंट परत पुठ्ठ्यात घालून एसटीत बसलो. खंबाटकी घाट उतरेपर्यंत मला राग आला होता, शिरवळ येईपर्यंत रागाची लाज वाटायला लागली होती.

मूळ फोटो १९४६ चा. साताऱ्यातल्या एका स्टुडिओत काढलेला. मागे आजोबांनी पेन्सिलीनं तारीख घातलीय. पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यात खांब आणि कुठल्या तरी विलायती बागेतला जिना, आणि त्या जिन्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी नऊवारीतली आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. तिचा हा एकच फोटो. १९५० मध्ये विषमज्वरानं ती गेली तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती आणि माझे वडील दोन. वडिलांना आई आठवणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासाठी आई म्हणजे माजघरातल्या भिंतीवरची ही तसबीर, तिला घातलेला चंदनाचा हार आणि सर्वपित्रीला समोर ठेवलेलं पान. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, आजीचं कुंकू काळं का? त्यांनी "तेव्हा तसंच असायचं" असं ठोकून दिलं होतं. खरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या काळी स्टुडिओत सर्रास चालणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. जे दिसत नाही त्याचा उजेड प्लेटवर उमटत नाही आणि प्रिंटमध्ये तिथं काळं येतं. म्हणजे वडील आयुष्यभर काळ्या कुंकवाच्या आईला नमस्कार करत राहिले.

फोटोचं माप पावणेपाच बाय साडेसहा इंच. जुने लोक याला हाफ प्लेट म्हणतात. म्हणजे बहुधा तेवढ्याच मापाची काचेची निगेटिव्ह होती, तिच्यावर कागद ठेवून, दाबून, उजेड दाखवून हा फोटो काढलेला. मध्ये भिंग नाही, फोटो मोठा करणारा एन्लार्जर नाही. काच जेवढी, तेवढा फोटो. ती काच मिळाली असती तर पुढचं काहीच करावं लागलं नसतं. पण स्टुडिओ कधीच बंद पडला, आणि तिथल्या काचा म्हणे गरम पाण्यात धुवून, वरचा उजेड टिपणारा मसाला खरवडून, तसबिरींना बसवायला विकल्या गेल्या. कुणाच्या तरी घरी गजाननमहाराजांच्या समोर माझ्या आजीची काच असू शकते.

काच नाही म्हटल्यावर निगेटिव्ह पुन्हा बनवायची होती, आणि ती मोठी, प्रिंटच्याच मापाची. आता ही कॉम्प्युटरवर बनवतात. फोटो स्कॅन करायचा, काळ्याचं पांढरं करायचं, पारदर्शक फिल्मवर साध्या इंकजेटनं छापायचा आणि ती फिल्म डार्करूममध्ये कागदावर ठेवून जुन्या पद्धतीनं प्रिंट काढायचा. अमेरिकेत डॅन बर्कहोल्डर नावाच्या फोटोग्राफरनं १९९० च्या दशकात याची वाट पाडली, तेव्हा इंकजेटवर नव्हे, तर छापखान्यांसाठी फिल्म काढणाऱ्या इमेजसेटरवर. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. कारण त्याच दशकात मी नारायण पेठेत एका बोळात बसून नेमकं तेच करत होतो, फक्त फोटोऐवजी लग्नपत्रिकांचं.

मी मूळचा डीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून देणारा. श्रीलिपी, पेजमेकर, आणि उन्हाळ्यात बंद पडणारा लेझर प्रिंटर. पत्रिकेचा मजकूर बटर पेपरवर काढून द्यायचा, तो स्क्रीनवाला, म्हणजे जाळीतून पत्रिका छापणारा, मसाला लावलेल्या जाळीवर ठेवायचा, वर काच, आणि सगळं उचलून गच्चीत उन्हात. मोठी कामं असली की फिल्म काढायला आउटपुटवाल्याकडे धावायचं आणि तिथं पहिला प्रश्न ठरलेला: उलटी हवी का सुलटी? फिल्मचा मसाला खाली टेकला पाहिजे, मध्ये फिल्मची जाडी आली की अक्षराच्या कडा फुगतात, म्हणून मसाला कुठल्या बाजूला आणि अक्षर कुठून वाचायचं याचा हिशोब डोक्यात पक्का असावा लागे. एकदा माझ्या हातून चुकलं, स्क्रीनवाल्यानंही बघितलं नाही, आणि 'चि. सौ. कां.' आरशात वाचावं असं जाळीवर आलं. त्यानं जाळी धुतली आणि आठवडाभर मला आरसा म्हणून हाक मारली. एवढी दीक्षा घेतलेला माणूस पंचवीस वर्षांनी स्वतःच्या आजीचा फोटो उलटा काढतो.

मोठ्या निगेटिव्हचं वेड मात्र छापखान्यामुळे लागलेलं नाही. ते जुने प्रिंट बघून लागलं. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे विलायतेत हे खूळ सुरू झालं त्याच्या पाठोपाठच इथं आलं होतं. त्या सगळ्यांना छोटी निगेटिव्ह काढून मोठा फोटो करण्याची सोयच नव्हती. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा बैलगाडीत घाला. १८५८ साली लिनिअस ट्राइप नावाचा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी तंजावरला गेला आणि बृहदीश्वराच्या जोत्यावर फिरत गेलेल्या शिलालेखाचे त्यानं एकापुढे एक असे २१ फोटो काढून जोडले; १९ फुटांच्या आसपास लांब पट्टी झाली. त्याच देवळात आपल्या सरफोजीराजांचा मराठी शिलालेखही आहे, म्हणून मी ते चित्र फार आशेनं शोधलं होतं. पण त्याच्या पट्टीत जोत्यावरची तमिळ अक्षरं आहेत. ट्राइपच्या निगेटिव्ह कागदाच्या असत, मेण लावून पारदर्शक केलेल्या, साधारण बारा बाय पंधरा इंचांच्या. आणि त्यांवर तो कुंचल्यानं ढग रंगवायचा, कारण त्या मसाल्याला निळं आकाश कोरं पांढरं दिसे. "कॉम्प्युटरवर केलेली निगेटिव्ह म्हणजे निम्मी लबाडी" असं मला ऐकवणाऱ्या मित्राला मी हे ढग दाखवले. तो म्हणाला, "मग तीही निम्मी लबाडी." हे मला पटलं.

बायकोचा प्रश्न जास्त अवघड होता. प्रिंटर घरात आहे, चांगला कागद मिळतो, मग सरळ फोटोच का छापत नाहीस? याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, आजही नाही. काळा रंग वेगळा दिसतो, एवढंच म्हणू शकतो. छापलेला काळा कागदाच्या वर बसतो. चांदीचा काळा कागदातून वर आल्यासारखा वाटतो.

स्कॅन करायला म्हणून फोटो चौकटीबाहेर काढला तेव्हा पहिल्यांदा तो हातात तिरका धरून बघितला. जुन्या प्रिंटमध्ये काळ्या भागातली चांदी वर येते. कोन बदलला की केसांवर, पदराच्या चुण्यांवर निळसर आरशासारखं चकाकतं. समोरून बघितलं की पुन्हा साधा, पिवळट फोटो. ६०० डीपीआयला स्कॅन केला, म्हणजे आठ बाय दहाला मोठा केल्यावर इंचाला ३५०-३६० ठिपके उरतात, तेवढे पुरतात. मग डाग काढायला बसलो. बुरशीचे ठिपके सगळ्या चेहऱ्यावर होते, त्यातला एक गालावर, नथीच्या जरा बाहेर, इतरांपेक्षा गोल आणि गडद. डाग की तीळ? पुसायचा की ठेवायचा? वडील असते तर त्यांनाही सांगता आलं नसतं. आत्याला फोन लावला.

"तीळ होता की. डावीकडे."

"डावीकडे म्हणजे तिच्या डाव्या गालावर, का आपल्याला बघताना डावीकडे?"

"अरे डावीकडे म्हणजे डावीकडे. त्यात तिचं-आपलं काय?"

मी पुन्हा समजावून सांगितलं, समोर उभं राहिलं की तिचं डावं आपल्या उजवीकडे येतं वगैरे. ती वैतागली. "नथीच्या बाजूला," म्हणाली, "आणि कुकर लावलाय मी." नथीच्या बाजूला म्हणजे ठीक होतं. तीळ ठेवला.

पुढची गोष्ट शाईची. पहिल्यांदा कंजूसपणा करून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून झेरॉक्सच्या मशीनला चालते ती ओएचपी शीट आणली. तिच्यावर शाई तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी गोळे होऊन पळाली. इंकजेटची फिल्म वेगळी असते, तिच्या एका बाजूला शाई पिणारा थर असतो, आणि किंमत बघितली की प्रत्येक शीट दोन्ही हातांनी धरावीशी वाटते. ए-फोरवर आठ बाय दहा जेमतेम बसतं. जुलै होता. पुण्याच्या त्या दमट हवेत शाई वरवर वाळलेली दिसायची पण आतून ओलीच. एक निगेटिव्ह मी घाईनं कागदावर दाबली, आणि उचलताना आजीचं कपाळ कागदाकडेच राहिलं. दुसरीवर प्रिंटरच्या आतल्या दातेरी चाकांनी गळ्यावरून टिंबांची रांग उमटवली होती, नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती, प्रिंटमध्ये मात्र जणू कुणी टाके घातलेत. कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे असा निगेटिव्ह टेकवून काढलेला, काही माफ करत नाही.

आणि खरी मेख अशी की आपण बघतो त्या नजरेनं निगेटिव्ह चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही. कागदाला आपल्यासारखं दिसत नाही. त्याला निळं दिसतं, काही जातींना थोडं हिरवं, लाल अजिबात नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. प्रिंटर जो राखाडी रंग काढतो तो काळ्या शाईत निळी, गुलाबी, पिवळी मिसळून. त्यातली पिवळी आपल्याला फिकट, निरुपद्रवी वाटते. कागदाच्या दृष्टीनं ती जवळजवळ भिंत, कारण ती निळा उजेडच अडवते. आमच्या टेबलावर धरून बघितलं तर फिकट, मरतुकडी दिसणारी निगेटिव्ह कागदावर उत्तम येते, आणि डोळ्यांना खणखणीत वाटणारी एकदम खडूसारखा पांढरा चेहरा देते. आजीच्या काळ्या कुंकवाची प्लेट आणि माझा हा कागद, दोघं एकाच घराण्यातले.

मग मोजमाप आलं. आधी नुसती कोरी फिल्म कागदावर ठेवून बघायचं, पूर्ण काळा यायला कमीत कमी किती वेळ लागतो. माझा उजेड म्हणजे डालड्याच्या जुन्या डब्यात बसवलेला झिरोचा बल्ब, डब्याच्या तळाला भोक, भोकावर बटर पेपरचे दोन थर (ती सवय जात नाही). नऊ सेकंदांनंतर दहाव्या-अकराव्या सेकंदाचा काळा वेगळा दिसेना, म्हणून नऊ. हा आकडा ठरला की पुन्हा हलवायचा नाही. पुढची सगळी दुरुस्ती निगेटिव्हमध्ये. मग २१ चौकोनांची पट्टी छापायची, शाई शून्यापासून शंभरपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी वाढत जाणारी, आणि तिचा प्रिंट काढून बघायचं किती चौकोन वेगळे दिसतात. पहिल्या फेरीत आठव्या चौकोनानंतर सगळं कोरं. म्हणजे शाई जास्त झाली. मी घेतलेल्या मधल्या कॉन्ट्रास्टच्या ब्रोमाइड कागदाला निगेटिव्हच्या सर्वांत गडद जागेतून, पारदर्शक जागेच्या मानानं, साधारण अकरावा भाग उजेड गेला की पुरे. याआधी मी सॉल्ट प्रिंट करत असे, मिठाच्या पाण्यात कागद बुडवून वर सिल्व्हर नायट्रेट, मतदानाच्या शाईत असतं तेच, त्यामुळे बोटं महिनाभर मतदान केल्यासारखी. त्याला फार जास्त दणकट निगेटिव्ह लागते, आणि माझा हात त्याच सवयीनं भरभरून शाई ओतत होता. शाई कमी केली, कॉम्प्युटरवर छटांचा कर्व्ह वाकवला, पुन्हा पट्टी. एका रात्रीत दोन फेऱ्या होत नाहीत, कारण ओला प्रिंट खोटं बोलतो. फायबरचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेला, कागद वाळला की एक छटा गडद होतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज खाली गेलं की नऊ सेकंदांचे आठ होतात. रात्री अकरानंतर, सोसायटीतले एसी आणि टीव्ही थंडावल्यावर, वीज जरा जाग्यावर येते. चौथ्या फेरीला २१ पैकी १९ चौकोन वेगळे दिसले. मी बायकोला उठवून ते दाखवले. तिनं सकाळी काही विषय काढला नाही, हा तिचा मोठेपणा.

शेवटची रात्र नोव्हेंबरातली. बाथरूममध्ये बादल्या बाहेर, वॉशिंग मशीनवर फळी, फळीवर तीन ट्रे, पोहे भिजवायला घेतात तसले प्लॅस्टिकचे, एक निळा, दोन लाल. लाल झिरो. खिडकीला काळं प्लॅस्टिक, त्यामुळे हवा कोंडलेली, आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, तो आंबूस वास जो दोन दिवस टॉवेलला राहतो. उटीचा 'इंदू' कागद आता बनत नाही, बाहेरचा मागवावा लागतो, म्हणून पाकीट उघडताना श्वास रोखला जातो. काचेखाली कागद, त्यावर निगेटिव्ह शाईची बाजू खाली, दाब, नऊ सेकंद. डेव्हलपरमध्ये सरकवला की दहा-पंधरा सेकंद कोरा कागद नुसता पाण्याखाली डुलतो. मग आधी काळ्या गोष्टी येतात. केस. मंगळसूत्राचे मणी. कुंकू. बुबुळं. चेहरा नंतर भरत जातो. म्हणजे काही क्षण असे जातात की पाण्याखालून नुसतं कुंकू आणि दोन डोळे आपल्याकडे बघत असतात, आणि आपण ट्रेची कड धरून हलवत राहतो, झोळी हलवावी तशी. मी तिला कधी पाहिलं नाही. माझ्या वडिलांनीही, तसं बघितलं तर, नाही.

दोन प्रिंट चांगले आले. एक वाजून गेला होता, थांबायला हवं होतं. तिसरा केला. शाईची बाजू जरा बरबरीत, दुसरी गुळगुळीत. पण ओलसर बोटाला दोन्ही सारख्याच लागल्या आणि लाल उजेडात सगळ्यालाच एक लाल चकाकी असते. निगेटिव्ह उलटी पडली. सकाळी नळ आल्यावर (आमच्याकडे सात ते नऊ, आणि फायबरचा कागद तासभर वाहतं पाणी मागतो, याची शरम वाटते ती वाटतेच) प्रिंट धुताना नथ दिसली. शाई वर राहिल्यामुळे मध्ये फिल्मची जाडी आली होती, दोन केसांएवढी असेल, पण तेवढ्यानं पापण्या विरघळल्या होत्या. तो मी रद्दीत टाकला. वाळून सुरळी झालेले सगळेच प्रिंट सपाट करायला विश्वकोशाच्या खंडांखाली ठेवले. हे खंड वाईलाच तयार झाले हे आत्या दर वेळी सांगते, जणू घरच्या पापडांबद्दल.

परवा चैत्रात पुन्हा वाईला गेलो. खालच्या खोलीत, खिडकीशेजारी, तो उलटा फोटो चौकटीत लागलेला होता. चंदनाचा हार नव्हता, नुसताच. मी काही बोललो नाही. जेवण झाल्यावर आत्यानं कपाटातून एक फणेरपेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "बिजागरी ढिली झालीय, आरसा पडतो. तुझ्याकडे ते बारके पेचकस असतात ना." सागवानी पेटी, वीतभर रुंद, झाकणाच्या आतून आरसा, खाली कप्पे. मेणाचा एक वाळका खडा एका कप्प्यात अजून चिकटलेला. आरशाचा पारा कडांनी उडालेला, मध्ये चेहऱ्यापुरता शाबूत.

"आईची," म्हणाली. "वेणी घालायची तेव्हा ही पुढ्यात. मी पाटावर, ती माझ्यामागे. आणि मान वळवली की टपली. खोबरेल तेल इतकं थापायची की कपाळावरून ओघळ यायचा, तो पुसायला हात वर केला तरी टपली." तिनं स्वतःच्या डोक्याला टपली मारून दाखवली. "शाळेला जायच्या आधी रोज. बाकी दिवसभर ती चुलीशी, नाहीतर विहिरीवर, नाहीतर तुझा बाप कडेवर. तोंड दिसायचं कधी? या इथं." आरशाच्या मधल्या भागावर तिनं बोट टेकवलं, जिथं फोटोवर टेकवलं नव्हतं.

मी स्क्रू काढत होतो. म्हटलं, "आत्या, तो फोटो..."

"उलटा आहे. कळतंय की मला. नथीवरून कळतं." मग जरा वेळानं, "तू नंतर दाखवलास त्यात ती छान आहे. अण्णाला आवडली असती."

अण्णा म्हणजे माझे वडील. मला तिचा फोनवरचा वैताग आठवला. त्यात तिचं-आपलं काय? दोघी एकाच आरशात बघत असतील तर आईचं डावं आणि पुढ्यात बसलेल्या मुलीचं डावं एकाच बाजूला येतं. मी समोर उभं राहून विचारत होतो.

बिजागरीचा एक स्क्रू झिजला होता, काडीपेटीतल्या काडीचा तुकडा भोकात घालून तो घट्ट बसवला. आरसा उभा राहिला. आत्या माझ्यामागे येऊन वाकली. आरशात तिची चमकी डावीकडे होती आणि पेचकस धरलेला माझा हात उजवीकडे.

"जरा पुढे कर," ती म्हणाली, "मला नुसतं छत दिसतंय."